गळ्यांतील ताईत



अत्यंत लाडक्या माणसाला 'गळ्यांतील ताईत' म्हणण्याची आपल्या मराठींत चाल आहे. घरांतलें शेंडेफळ, शाळेंतला हुशार मुलगा, गांवचा आवडता पुढारी, हे सारे कोणाच्या ना कोणाच्या गळ्यांतले ताईत असतात. परंतु हार, माळ, ठुशी, साज असे कितीतरी मोलाचे दागिने गळ्यांत असतां भाषेनें प्रेमाची उपमा नेमकी ताइताचीच कां घ्यावी, याचा विचार आपण बहुधा करीत नाहीं. ताईत हा पुष्कळदां चांदीचा, कधीं तांब्याचा; वजनानें हलका आणि घडणीनें साधा. सराफाच्या तराजूंत त्याची किंमत थोडी. तरीही तो गळ्यांतून काढावयाचा नाहीं, कारण त्याच्यावर जीव अवलंबून आहे, अशी समजूत. भाषेनें उपमा घेतली ती या समजुतीची. आज मला आपणांशीं या ताइताविषयीं आणि त्याच्या कुळांतील इतर अलंकारांविषयीं थोडें बोलावयाचें आहे.

प्रथम शब्दच पाहूं. 'ताईत' हा अरबी 'तअवीज' या शब्दापासून आला आहे. त्याच्या मूळ धातूचा अर्थ आश्रय मागणें, शरण जाणें असा आहे. कुराणांतील शेवटच्या दोन सूरांना याच धातूवरून 'मुअव्विजतैन', म्हणजे आश्रय मागणाऱ्या दोन, असें नांव आहे. संस्कृतांत याच अर्थाच्या जवळ जाणारा शब्द 'रक्षा'. त्याच्यापासून आपली राखी झाली आणि स्त्रियांच्या केसांत खोवण्याची राखडीही झाली. म्हणजे मराठी घरांत एक शब्द गळ्यांत बसला, दुसरा मनगटावर आणि वेणीवर. आणि दोन्ही शब्द एकाच घरांत पिढ्यान्‌पिढ्या सुखानें नांदले. हें नांदणें वरवरचें नव्हतें, तें पेटीच्या आंतपर्यंत गेलें होतें, हें मला एका प्रसंगानें समजलें.

माझें गांव कुरुंदा. तें आज हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यांत आहे. १ मे १९९९ पूर्वीं तें परभणी जिल्ह्यांत होतें, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हां मी अकरा वर्षांचा होतों. विहिरी आटल्या, जनावरें विकलीं गेलीं, घरचीं कर्तीं माणसें खडी फोडण्याच्या कामावर जाऊं लागलीं. मग दागिन्यांची पाळी आली. प्रथम आईच्या पायांतले तोडे गेले, नंतर आजीच्या दंडांतल्या वाक्या, आणि शेवटीं एका चिंधींत बांधून ठेवलेला चांदीचा पेटीचा ताईत बाहेर निघाला. वडील मला बरोबर घेऊन वसमतला एका वृद्ध सराफाच्या दुकानीं गेले.

असा पोकळ ताईत मुशींत टाकण्यापूर्वीं त्यांतील लाख व कागद काढून टाकावा लागतो. सराफांनीं एका टोकाचें टोपण कापलें आणि पेटी उपडी करून हळूच ठोकली. आंतून लाखेचा चुरा पडला, थोडा पिवळा भंडारा पडला आणि काडीसारखा बारीक गुंडाळलेला एक कागद पडला. कागदावर नऊ घरें आंखलेलीं होतीं व प्रत्येक घरांत एक उर्दू आंकडा होता. सराफांचें शिक्षण निजामाच्या आमदानींत उर्दू शाळेंत झालेलें. त्यांनीं ते आंकडे मला वाचून दाखविले, कागदाची पुन्हां घडी केली आणि तो वडिलांच्या हातांत देऊन ते म्हणाले, "पाटील, चांदी माझी. हें तुमचें."

घरीं आल्यावर मीं आजीला विचारलें. ती म्हणाली, "तीन लेकरं गेली, बाबा. भंडारा खंडोबाचा, कागद दर्ग्यावरल्या फकिराचा. दोन्ही एकाच पेटीत घातले, मंग तुझा बाप ऱ्हायला."

तिनें तो कागद देव्हाऱ्यांत ठेवला. पुढें घराच्या पडझडींत तोही नाहींसा झाला. आंकडे मात्र मला पाठ राहिले. त्यांच्याकडे मी थोड्या वेळानें येतों. तत्पूर्वीं ही चाल किती जुनी आहे तें पाहूं.

अथर्ववेदांत 'मणि' हा शब्द वारंवार येतो, आणि तेथें तो शोभेचा खडा नसून अंगावर बांधावयाची रक्षा आहे. दुसऱ्या कांडांत जंगिड नांवाच्या वनस्पतीचा मणि आहे. चौथ्या कांडांतील दहावें सूक्त शंखमणीचें आहे. समुद्रांतून आलेला शंख दीर्घायुष्यासाठीं अंगावर बांधावयाचा, हा त्याचा विषय. कालिदासाच्या शाकुंतलांत तर सातव्या अंकाची सारी गुंतागुंत एका ताइतानेंच सुटते. सिंहाच्या छाव्याशीं खेळणाऱ्या मुलाच्या मनगटावरील रक्षा गळून पडते. तींत अपराजिता नांवाची औषधि असते, आणि आई, बाप व तो मुलगा स्वतः यांवांचून दुसऱ्या कोणीं ती उचलली तर तिचा सर्प होऊन ती दंश करील, असा तिचा प्रभाव असतो. दुष्यंत ती सहज उचलतो आणि कांहींच होत नाहीं. तापसी चकित होतात. बापाची ओळख पटते. मुलाचें रक्षण करण्याचा अधिकार कोणाचा, याचें उत्तर कवीनें एका लहानशा अलंकारांत ठेविलें आहे.

आपल्या गोदावरीच्या खोऱ्यांत सातवाहनांचें राज्य होतें व पैठण ही त्यांची राजधानी. धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें त्या काळचें तगर, पश्चिमेकडील समुद्रापार व्यापार करणारें नगर. तेथील उत्खननांत व शेतांत सांपडलेल्या मणी, शंख, हस्तिदंत व भाजलेल्या मातीच्या वस्तूंचा रामलिंगप्पा लामतुरे यांनीं केलेला संग्रह आज तेरच्या वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतो. त्याच सातवाहनांच्या राजवटीचा एक लेख दूर सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर आहे. राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद, यानें दिलेल्या दानाचा तो लेख होय. या स्तूपाच्या तोरणांवर मंगलचिन्हें ओंवलेल्या माळा कोरलेल्या आहेत. त्यांत माशांची जोडी आहे, श्रीवत्स आहे, कमळ आहे, अंकुश आहे, आरसा आहे. दगडांतील ही माळ डोळ्यांपुढें ठेवून कोल्हापुरी साज पाहावा. साजाच्या २१ पानांत दहा दशावतारांचीं, आठ अष्टमंगलांचीं, दोन माणिक व पाचूचीं आणि एक डोरलें असतें, असें परंपरेनें सांगतात. आणि त्या पानांत मासा, कासव, शंख, चंद्र, नाग, बेलपान हीं चिन्हें आपण ओळखूं शकतों. सांचीच्या शिल्पकाराला साज घातलेली बाई दाखविली असती तर तिच्या गळ्यांतला मासा त्याला परका वाटला नसता.

हीं चिन्हें सर्वांत दाट आढळतात तीं लहान मुलांच्या अंगावर. मनगटांत काळ्या मण्यांच्या मनगट्या, कमरेला करगोटा, गळ्यांत ताईत, आणि सोन्याचांदींत मढविलेलें वाघनख. हें वाघनखही जुनें आहे. गुप्तकालीन शिल्पांत कुमार कार्तिकेयाच्या गळ्यांत वाघनखांची माळ दाखविलेली आहे. देवसेनेचा सेनापति झाला तरी तो पार्वतीचें मूल आहे, हें शिल्पकार विसरला नाहीं. बाळ जन्मल्यावर पांचव्या दिवशीं पांचवी पुजावयाची, सटवाईची मनधरणी करावयाची. कारण जी सटवाई कपाळीं लेख लिहिते, तीच रागावली तर बाळ नेते, असा समज. मुलगे जगत नसतील तर नव्या मुलाचें नांव दगडू किंवा धोंडू ठेवावयाचें, किंवा त्याचें नाक टोंचून त्यांत नथ घालावयाची आणि त्याला नथू म्हणावयाचें. हेतु हा कीं, मृत्यूला तें मूल टाकाऊ वाटावें किंवा मुलगी वाटावी. भिकबाळीचें मूळही असेंच सांगतात. भीक मागून मिळविलेल्या पैशांतून केलेली ती बाळी, म्हणून भिकबाळी. आज तरुण मंडळी मोत्यांची भिकबाळी ऐटीनें घालतात. पूर्वीं ती कोणा आईनें दारोदार पदर पसरून मिळविलेली असे.

ही केवळ आपली समजूत असें मानण्याचें कारण नाहीं. प्राचीन असुर देशांत लमश्तू नांवाची राक्षसी तान्हीं बाळें नेते असें मानीत, आणि तिला हुसकावण्यासाठीं पाझूझू नांवाच्या दुसऱ्या पिशाचाचें मुंडकें ताइतासारखें वापरीत. रोमन मुलांच्या गळ्यांत 'बुल्ला' नांवाची पोकळ डबी असे. मुलगा वयांत आला म्हणजे ती गृहदेवतांना अर्पण करीत. जेथें जेथें पाळणा आहे तेथें तेथें ही भीति आहे.

आतां माझ्या आजीच्या कागदाकडे येऊं. त्यांतील नऊ घरांत १ ते ९ हे आंकडे एकेकदां लिहिलेले होते. मधल्या घरांत ५, चारी कोपऱ्यांत २, ४, ६, ८. आडवी, उभी, तिरपी, कोणतीही बेरीज केली तरी ती १५ येते. अरबी लिपींत प्रत्येक अक्षराला अंकमूल्य आहे. २, ४, ६, ८ यांचीं अक्षरें जोडलीं म्हणजे 'बुदूह' असा शब्द होतो, आणि तो मुसलमानी ताइतांत फार प्रसिद्ध आहे. अकराव्या शतकांतील थोर तत्त्ववेत्ता गझाली यानें हें कोष्टक अडलेल्या बाळंतिणीसाठीं वापरीत असत, याचा उल्लेख केला आहे. शाळेंत गणित शिकवितांना मीं हें कोष्टक अनेक वर्षे फळ्यावर मांडलें, आणि प्रत्येक वर्षीं एखादा तरी विद्यार्थी म्हणे, "गुरुजी, हें तर आमच्या देवघरांत आहे!" तेंही खरेंच. याच आंकड्यांचें पंधराचें यंत्र आपल्याकडे सूर्याचें म्हणून पुजिलें जातें. इतकेंच नव्हे, तर इ. स. ९०० च्या सुमारास वृंद नांवाच्या वैद्यानें 'सिद्धयोग' नांवाचा ग्रंथ लिहिला, त्यांत नऊ घरांचें असेंच एक कोष्टक आहे. तेथें आंकडे निराळे असून बेरीज ३० येते. परंतु उपयोग कोणता? तर अडलेल्या स्त्रीनें तें पाहावें म्हणजे सुखानें सुटका होते, हा! चीनमध्यें पंधराचें हें कोष्टक 'लो-शू' या नांवानें प्राचीन काळापासून पूज्य आहे. नारायण पंडितानें १३५६ सालीं 'गणितकौमुदी' ग्रंथांत अशा कोष्टकांना 'भद्रगणित' हें सुंदर नांव देऊन त्यांचें रीतसर गणितच मांडलें.

म्हणजे फकिराचा कागद आणि वैद्याचें यंत्र हीं दोन एकाच दुःखावरचीं औषधें होतीं. आजीला हा इतिहास ठाऊक नव्हता. तिनें जे दोन आधार एका पेटींत घातले, ते पूर्वीं शतकानुशतकें शेजारीं शेजारीं वावरत आलेले होते.

श्रीमंतांच्या घरीं ताइताचें काम रत्नें करीत. सूर्यासाठीं माणिक आणि शनीसाठीं नीलम, हा नवग्रहांचा संकेत सर्वांना ठाऊक आहे; शनि हा सूर्याचा पुत्र, पण बापलेकांचें पटत नाहीं, ही पुराणांतली गोष्टही ठाऊक आहे. रसायनशास्त्र सांगतें कीं माणिक आणि नीलम हे दोन्ही एकाच कुरुंद दगडाचे प्रकार. किंचित् क्रोमियम मिसळलें कीं तो तांबडा होतो, लोखंड व टायटॅनियम मिसळलें कीं निळा. भारी रत्नें सोडलीं तर हाच दगड धार लावण्याच्या व घासण्याच्या कामीं येतो. रंगावरून आपण ज्यांना शत्रु ठरविलें, ते आंतून एकाच जातीचे निघाले.

येथें एक भेद सांगणें अवश्य आहे. अंगावर धारण केलेलें प्रत्येक धर्मचिन्ह ताईत नसतें. आमच्या भागांत लिंगायत घरांतून गळ्यांत इष्टलिंग धारण करितात. त्याची चांदीची पेटी दिसण्यांत ताइतासारखी असली, तरी बाराव्या शतकांत कल्याण येथें बसवेश्वरांनीं ज्या पंथाचा प्रसार केला त्याच्या दृष्टीनें तें पूजेचें दैवत आहे. संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून मानिलेलें नरसी हिंगोली जिल्ह्यांतच आहे; वारकऱ्याची तुळशीमाळ ही पिशाच्चबाधेसाठीं नाहीं, ती घालणाऱ्याला नियमानें बांधून घेते. त्याच नामदेवांचीं ६१ पदें शीखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत आहेत. आणि जवळच्या नांदेडास, जेथें १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगांनीं देह ठेविला, तेथें येणाऱ्या यात्रेकरूच्या हातांतलें लोखंडी कडें हेंही त्याच्या प्रतिज्ञेची खूण आहे. ताईत बाहेरच्या संकटाला सांगतो, 'याला हात लावूं नको.' माळ व कडें आंतल्या मनाला सांगतात, 'तूं कोणाचा आहेस तें विसरूं नको.' पहिल्यांत आईची भीति आहे, दुसऱ्यांत माणसाचा निश्चय. दोन्ही एकाच सोनाराच्या दुकानीं मढविले जात असल्यामुळें आपण त्यांची गल्लत करितों.

तुळजापूरच्या भवानीच्या भक्ताच्या गळ्यांतील कवड्यांची माळ या दोहोंच्या मध्यें उभी आहे. ती व्रताचीही खूण आहे आणि रक्षेचीही. कवडी ही समुद्राची. प्राचीन काळापासून ती मालदीव बेटांतून हिंदुस्थानांत येत असे आणि बाजारांत अगदीं हलकें नाणें म्हणून चालत असे. त्यावरूनच 'कवडीमोल' हा शब्द आला. बाजाराला जी सर्वांत हलकी, तीच देवीच्या गळ्यांत सर्वांत मानाची. ताइताचें जें, तेंच कवडीचें: मोल आणि किंमत या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

स्त्रियांच्या अलंकारांत हीं चिन्हें इतकीं मिसळून गेलीं आहेत कीं त्यांचा अर्थ विचारण्याचेंही आपण सोडून दिलें आहे. वज्रटिकेच्या नांवांत इंद्राचें वज्र आहे. वेणीवर नाग आहे, केसांत चंद्रकोर आहे, मंगळसूत्रांत दृष्ट लागूं नये म्हणून काळे मणी आहेत. हें मंगळसूत्र आपण वेदकाळापासूनचें समजतों; परंतु महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासांत दाखविलें आहे कीं प्राचीन गृह्यसूत्रांच्या विवाहविधींत मंगळसूत्र बांधण्याचा उल्लेख नाहीं. तें मागाहूनचें आहे. एवढ्यानें त्याचें पावित्र्य कमी होतें असें मी म्हणत नाहीं. इतिहासाचें काम जुनेपणा वाढवून सांगणें नव्हे, एवढेंच माझें म्हणणें.

आपण सुशिक्षित मंडळी विचाराल, 'मास्तर, ताइतानें मुलें वाचत होतीं असें तुम्हांस वाटतें काय?' नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं आपल्या देशांत जन्मणाऱ्या दर १,००० मुलांपैकीं सुमारें २०० मुलें वर्षाच्या आंत दगावत. आज हा आंकडा ३० च्या खालीं आला आहे, तो लसीमुळें, स्वच्छ पाण्यामुळें, शिकलेल्या सुइणींमुळें व दवाखान्यांमुळें. देवीच्या रोगाचा रुग्ण १९७५ नंतर या देशांत आढळला नाहीं आणि १९८० सालीं जगांतून तो रोग गेल्याचें जाहीर झालें. हें काम कोणत्याही मण्यानें केलें नाहीं. आजारी मुलाला दवाखान्यांत न नेतां ताईत बांधीत बसणें हा आज अपराधच होय. वाघनखाची हौस तर आतां कायद्यानेंही बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वाघाला अभय दिलें. दुसऱ्याच्या बाळाचें नख आपल्या बाळाच्या गळ्यांत कशाला हवें?

परंतु जें खोटें ठरलें तें टाकून देतांना, त्यानें सांगितलेलें खरें तेवढें ठेवून घ्यावें. तीन मुलें पुरलेल्या बाईनें आपलें दुःख कोठें लिहावें? तिला अक्षर येत नव्हतें. गांवच्या दप्तरांत शेताची नोंद होती, साऱ्याची नोंद होती. तिच्या मुलांची नोंद त्या चांदीच्या पेटींत होती. आमच्या आजीबाईंचे दागिने हीच त्यांची बखर.

आणि ही बखर फार वेगानें वितळून गेली आहे. १९६३ च्या जानेवारींत सुवर्णनियंत्रण आलें, १४ कॅरटहून चोख सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली आणि कित्येक सोनारांच्या फुंकण्या थंड पडल्या. तो सुवर्णनियंत्रणाचा कायदा १९९० सालीं रद्द होईपर्यंत जुनी कारागिरी जाणणारे पुष्कळ हात गेले होते. मध्यें १९७२ चा दुष्काळ आला. पुढें सुबत्ता आली तीही जुन्या दागिन्यांना मानवली नाहीं. जुना दागिना मोडून नवा घडविण्याची हौस वाढली. मोड घेतांना सराफ वजन पाहतो, कस पाहतो. त्यावरचा मासा, नाग किंवा चंद्र कोणी कशासाठीं काढविला होता, याचा वजनांत समावेश होत नाहीं. त्यांत सराफाचा दोष नाहीं. तें विचारण्याचें काम आपलें आहे.

म्हणून माझी आपणांस एकच विनंति आहे. घरांतला एखादा जुना ताईत, साज, राखडी किंवा मुलाची मनगटी मोडावयाची असेल तर खुशाल मोडा. गरज ही गरज असते, आणि माझ्या वडिलांनींही मोडली. पण दुकानीं जाण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घ्या. घरांतल्या सर्वांत वृद्ध बाईजवळ बसा आणि विचारा, हा कोणाचा, कोणासाठीं केला, कोणत्या वर्षीं, आंत काय आहे. ती सांगेल तें तिच्याच शब्दांत वहींत उतरून ठेवा. आंत कागद निघाला तर तो कोणत्या लिपींत आहे हें पाहून नाक मुरडूं नका. ज्यानें तो लिहिला आणि जिनें तो बांधला, त्या दोघांचीही इच्छा एकच होती.

आमच्या ताइताच्या चांदींत त्या वर्षीं कांहीं दिवसांची ज्वारी आली. वडील जगले तें त्या ताइतामुळें कीं काय, हें आजीला विचारण्याचें धाडस मीं केलें नाहीं. पण त्या दुष्काळांत आम्ही सारीं नातवंडें जगलों, त्यांत त्या ताइताचा वांटा होता खरा.